आधी, मध्ये की नंतर

मेकॅनिकची बायको त्याला सोडून जाणार होती, आणि हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. लपवाछपवीचा प्रश्नच नव्हता. बेकरीत, जिन्यात, पोस्टाच्या रांगेत, जिथे विषय निघेल तिथे ती स्वतःच सांगायची, "मी काय, कधीही जाईन. आज, उद्या, आत्ता तुमच्याशी बोलता बोलतासुद्धा." ऐकणारा चपापून मेकॅनिककडे बघायचा. मेकॅनिक आपला हातातली पिशवी सावरत उभा. आता असं बघा, बायको दुसऱ्या कुणाबरोबर जाणार असती तर त्याने आरडाओरडा केला असता, मेव्हण्याला मध्ये घातलं असतं. पण ती जाणार होती प्रभूबरोबर. तिथे मध्ये कुणाला घालणार?

तिची ख्रिस्ती मंडळी जमायची चौकातल्या जुन्या इमारतीत, पाचव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. दर रविवारी उपासना आणि दर गुरुवारी संध्याकाळी शास्त्राचा अभ्यास. त्यांच्या शिकवणीप्रमाणे एके दिवशी कर्णा वाजणार, प्रभू ढगांत येणार आणि आपल्या विश्वासू माणसांना जिवंतपणी, सदेह, वर उचलून घेणार. ओट्यावरची बाई ओट्यावरून जाणार, गाडी चालवणारा गाडीतून जाणार. उरलेल्यांच्या नशिबी महासंकट, सात वर्षांचं. आणि मेकॅनिक होता उरलेल्यांतला.

त्याचं प्रभूशी काही वाकडं नव्हतं. उपासनेला नवीन खुर्च्या आल्या तेव्हा त्यानेच त्या पाच मजले वाहून नेल्या, कारण लिफ्टचं काम चालू होतं आणि लिफ्टचं काम तोच करत होता. पण विश्वास आहे का विचारलं की तो गप्प व्हायचा. अडचण अशी की या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. लिफ्टच्या धंद्यात हे किती त्रासाचं आहे ते लिफ्टवाल्यांनाच विचारा. "आज संध्याकाळपर्यंत होईल ना?" असं सोसायटीच्या सेक्रेटरीने हात जोडून विचारलं तरी हा म्हणायचा, "नाही होणार." एकदा बायकोने रडून रडून विनवलं, एकदाच म्हणा हो, विश्वास आहे म्हणून. तो अख्खी संध्याकाळ खिडकीशी बसून राहिला आणि शेवटी म्हणाला, "आशा आहे, असं म्हटलं तर चालेल का? तेवढं खरं आहे."

"आशेवर कुणी उचललं जात नाही," बायको म्हणाली आणि नाक पुसत आत गेली.

त्यानंतर तिने विनवणं सोडलं. पण मग मोठ्या बाईंची गुरुवारची व्याख्यानं सुरू झाली. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी बाईंची छडी सुटली नव्हती; बोलताना तर्जनी अशी नाचवायच्या की समोरचा आपोआप नखं लपवायचा. बाईंचं मत स्वच्छ होतं. सगळी लक्षणं पूर्ण झाली आहेत, आता मध्ये काहीही उरलेलं नाही, आधी आपण जाणार आणि मग महासंकट येणार. बायको ते ऐकून घरी आली, दारातच उभी राहिली आणि नवऱ्याकडे खालून वर बघत म्हणाली, "अहो, पण तुमचं कसं होणार?"

आणि दुसऱ्या दिवसापासून मेकॅनिकची शिकवणी सुरू झाली.

पहिल्यांदा सूप. कांदा कसा चिरायचा, आच केव्हा कमी करायची, मीठ चाखून घालायचं, अंदाजाने नाही. मग कपडे: पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, तेलकट डांगरी तिसरीकडे. मग इस्त्री, कॉलर आधी. मेकॅनिक हाताचा हुशार, शिकला पटापट. वाटलं, संपलं. संपतंय कुठलं! किटलीतला पांढरा थर काढायचा कसा. मोरीच्या जाळीतले केस काढायचे कसे. धाकट्या मेहुणीचा फोन आला तर "हं, हं" न करता तिच्या गुडघ्याची चौकशी कशी करायची. लवचीक काठाची चादर, जिची घडी जगात कुणाला येत नाही, तिची घडी कशी घालायची. आणि एका सकाळी तर बाईसाहेब त्याचा झोपायचा शर्ट घेऊन बसल्या आणि पाठीवर मधोमध एक ढब्बू बटण शिवू लागल्या.

"हे काय?"

"उताणे झोपलात की घोरता. मी कोपर मारते तेव्हा कूस बदलता. मी नसल्यावर कोण मारणार? हे टोचेल."

हे सगळं ती हसतमुखाने करायची, हेच तर त्याला लागत होतं. आवाजात कंप नाही, डोळ्यांत पाणी नाही. बॅग भरून ठेवलेल्या माणसासारखी घरभर हिंडायची. मेकॅनिकच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो त्याला रात्रंदिवस कुरतडत होता: मला टाकून जायचं हिला जराही वाईट वाटत नाही का? संसार झाला तो काय पोस्टाच्या रांगेतला होता, नंबर आला की निघायचं? पण विचारायचं धाडस होईना. विचारलं आणि ती "नाही वाटत" म्हणाली तर? ती तरी कुठे खोटं बोलायची!

आणि अशात त्याला औषधवाले काका भेटले.

काकांचं औषधांचं दुकान होतं आणि वर राहायला घर. त्यांच्या इमारतीच्या लिफ्टचं दार अर्धवट लागत होतं म्हणून मेकॅनिक गेला. काकाही त्याच मंडळीतले, पण गुरुवारी मोठ्या बाईंच्या बरोब्बर समोर बसणारे. मेकॅनिकने सहज बोलता बोलता सांगितलं की बायको कधीही उचलली जाणार आहे.

"कधीही?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुणी सांगितलं? बाईंनी? अहो, आधी महासंकट! सातही वर्षं मंडळी इथेच राहणार, सगळं सोसणार, तावूनसुलाखून निघणार, आणि मग शेवटी प्रभू येणार. आधी पळून जायला ही काय शाळेची सहल आहे?"

मेकॅनिकच्या हातातला पाना थांबला. "म्हणजे सात वर्षं ती इथेच?"

"इथेच. पण सुखात नाही बरं. दुष्काळ, रोगराई, छळ, पाण्याचं रक्त होणार..."

"पण माझ्याबरोबर?"

"भूकंप, आकाशातून गारा..."

"काका, ते कळलं. पण माझ्याबरोबर?"

"हो बाबा, तुझ्याबरोबर!"

"मग चालेल," मेकॅनिक म्हणाला आणि त्याने ते दार असं चकाचक बसवलं की काका आजही त्याचं नाव काढतात.

त्या दिवसापासून गल्लीने एक अजब प्रकार पाहिला. ज्या माणसाचा प्रभूवर विश्वास नव्हता, तो प्रभू नंतर येणार या मताचा कट्टर पुरस्कर्ता झाला. काकांकडून मुद्दे घ्यायचा आणि घरी येऊन कांदा चिरता चिरता बायकोवर सोडायचा.

"शेवटच्या कर्ण्याला उचलणार, असं आहे ना तुमच्यात? मग शेवटचा म्हणजे शेवटचा. त्यानंतर महासंकटात परत कर्णे कसे वाजतील?"

"तो कर्णा वेगळा. तुम्ही आच कमी करा."

"आणि आधी एकदा येऊन तुम्हाला नेणार, मग सात वर्षांनी परत येणार, म्हणजे दोन खेपा झाल्या. कुठलाही शहाणा माणूस एका खेपेत काम उरकतो."

"प्रभूला तुमच्या लिफ्टचे नियम लागू नाहीत. आणि तुम्ही कुठून आलात हो शास्त्र सांगायला? तुमचा तर विश्वासच नाही!"

"नाही," मेकॅनिक प्रामाणिकपणे म्हणाला. "पण असता, तर नंतरचा असता."

मोठ्या बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. जो परीक्षेलाच बसलेला नाही त्याने पेपर केव्हा आहे यावर वाद घालू नये, असं त्यांनी बायकोमार्फत कळवलं. मेकॅनिकने उलट निरोप पाठवला की जो नापास होणार हे ठरलेलंच आहे, त्याला तारीख सगळ्यांत जास्त महत्त्वाची असते.

मग त्याला तिसरं मत सापडलं. गल्लीच्या टोकाला एक शिंपी होता. त्याला सगळे 'मधले' म्हणायचे, कारण त्याच्या हिशेबाने मंडळी उचलली जाणार बरोबर मध्ये, साडेतीन वर्षं झाल्यावर. पहिला अर्धा भाग त्यातल्या त्यात बरा, खरा कोप दुसऱ्या अर्ध्यात, आणि कोपाच्या आधी प्रभू आपल्या माणसांना काढून नेणार. मधले मवाळ माणूस. त्याच्याशी कुणी भांडायचं नाही, कारण दोन्ही बाजूंना वाटायचं की हा थोडा ओढला तर आपल्याकडे येईल. मेकॅनिकने त्याच्याकडे पँट आखूड करायला दिली आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला, "हे बघ, मी ताणत नाही. सात नको, साडेतीनवर मिटवू."

"अहो, हा काय बाजार आहे?" ती हसत सुटली. आणि ती हसली म्हणून त्याला आणखीच वाईट वाटलं.

शेवटी त्याने उपासना चालवणाऱ्या पाळकांनाच गाठलं. पाळक तरुण, सडपातळ, दोन्ही गटांनी पिळून काढलेले. त्यांनी त्याचा प्रश्न शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "तो येणार हे नक्की. वेळ कुणालाच सांगितलेली नाही. चांगल्या चांगल्या लोकांची मतं यात वेगळी आहेत."

"पाळकसाहेब," मेकॅनिक म्हणाला, "लिफ्ट येणार हे नक्की, पण कधी ते सांगता येत नाही, असं मी म्हटलं तर लोक माझं काय करतील माहीत आहे?"

पाळक कसनुसं हसले. "माझंही तेच करतात," ते म्हणाले.

तर असं सगळं चाललेलं असताना तो गुरुवार उजाडला.

संध्याकाळी मेकॅनिक घरी पायजम्याच्या नाडीशी झटापट करत होता. ती पिनेने परत आत कशी ओवायची, हा त्या दिवसाचा धडा होता. इतक्यात फोन वाजला. पाळकांचा. लिफ्ट अडकली आहे, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये, आत चौघं आहेत. मोठ्या बाई, औषधवाले काका, मधले आणि...

"आणि कोण?"

"वहिनी."

मेकॅनिक नाडी तशीच टाकून, हत्यारांची पिशवी घेऊन पळाला.

इमारतीत पोचला तर पाळक चौथ्या मजल्यावरच्या बंद दाराशी घामाघूम उभे. झालं काय होतं, ते त्यांना आतून ओरडून सांगण्यात आलं होतं, तेही एकाच वेळी तिघांकडून, त्यामुळे समजायला जरा वेळ गेला. प्रकार असा: खालून निघतानाच वाद पेटलेला. बाई म्हणाल्या, समजा ही लिफ्ट म्हणजे मंडळी, पाचवा मजला म्हणजे स्वर्ग आणि मधले मजले म्हणजे महासंकट. आपण बटण दाबलं की एकही मजला न बघता थेट वर! काका म्हणाले, बघत कसे नाही, प्रत्येक मजला डोळ्यांसमोरून जातोय, हा पहिला, हा दुसरा, भोगल्याशिवाय कुणी वर जात नाही. तेव्हा जन्मात कधी आवाज न चढवलेला मधले अचानक चेकाळला. "इथे! बरोबर इथे!" असं ओरडून त्याने चालत्या लिफ्टचा आतला जाळीचा दरवाजा खस्सकन ओढला.

आता आतला दरवाजा चालत्या लिफ्टमध्ये उघडला की लिफ्ट जागच्या जागी थांबते. तसं नसतं तर मेकॅनिक लोकांच्या बायका केव्हाच विधवा झाल्या असत्या. पुन्हा नीट लावला की चालूही होते. पण मधलेने तो असा ओढला की खालचं चाक रुळातून उतरलं आणि दरवाजा मागे येईना की पुढे जाईना.

मेकॅनिक गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन मेन स्विच पाडून आला. आतला दिवा वेगळ्या लाइनवर होता, तो चालू राहिला. मग त्याने आपल्या किल्लीने चौथ्या मजल्याचं बाहेरचं दार उघडलं. लिफ्टचं टप जरा खाली दिसत होतं. लिफ्ट नेमकी कुठे अडकली आहे आणि आत कुणाला लागलं तर नाही ना, हे बघायला तो हलकेच टपावर उतरला आणि गुडघ्यांवर बसला. टपाला हवेसाठी फटी होत्या. त्यांतून त्याला मोठ्या बाईंचा अंबाडा दिसला, काकांचं टक्कल दिसलं, आणि कोपऱ्यात पर्स पोटाशी धरून उभी असलेली बायको. धडधाकट होती. तो "घाबरू नका" म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात बाईंनी टाळी वाजवली.

"पुरे झालं भांडण! समजा आत्ताच कर्णा वाजला, तर प्रभूने आपल्याला एकमेकांच्या झिंज्या धरलेलं बघायचं का? सगळ्यांनी माझ्यामागून म्हणा. प्रभू, ये. आम्ही तयार आहोत."

"ये," मधले पडेल आवाजात म्हणाला. "मी तर मध्येच आहे. माझी काही हरकत नाही."

"मला असं म्हणता येत नाही," काका म्हणाले. "माझ्या मते तो आत्ता येऊ शकतच नाही. आधी महासंकट."

"मग हे काय चाललंय?" बाई कडाडल्या. "म्हणा!"

"बरं, ये," काका पुटपुटले. "पण तुझ्या वेळेला."

आता राहिली बायको. वर मेकॅनिकने फटीला कान लावला.

"काय गं?" बाई म्हणाल्या. "तू तर माझ्या बाजूची. म्हण की."

"नाही म्हणवत," बायको म्हणाली.

"का?"

"बाई, दर गुरुवारी तुमच्यामागून म्हणते मी, ये म्हणून. आणि मग घरी जाते, ओट्याशी उभी राहते, आणि सांगते त्याला, इतक्यात नको रे बाबा. यांचं अजून शिकायचं राहिलंय. एवढं शिकवून होऊ दे."

"अगं, पण किती शिकवणार? तो काय कुक्कुलं बाळ आहे?"

"येतं हो त्यांना सगळं!" तिचा आवाज फाटला. "कधीच यायला लागलं. सूप तर माझ्याहून चांगलं करतात. मीच उकरून उकरून काढते काहीतरी. ती चादर, मला वाटलं महिनाभर पुरेल, तर यांनी पहिल्या फटक्यात घडी घातली. म्हटलं, आता काय? म्हणून मग शर्टाला बटण शिवलं, आज नाडी काढली. मी आधीच्याच मताची आहे बाई, पक्की. फक्त आधी म्हणजे किती आधी, एवढीच घासाघीस चालू आहे माझी त्याच्याशी."

तिने पर्स आणखी घट्ट धरली.

"आणि तुम्ही सांगता ना, तिथे तो सगळे अश्रू पुसून टाकणार. त्याचीच तर मला धास्ती आहे. अश्रू पुसले गेले म्हणजे मला हे आठवणारच नाहीत का? हे इथे एकटे पाठीला बटण लावून झोपणार, आणि मला तिथे आनंद होणार? तसला आनंद मला नको."

टपावर मेकॅनिकच्या नाकात ग्रीसचा वास होता, गुडघ्याखाली बोल्ट टोचत होता, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. तिला वाईट वाटत होतं! चांगलं पोटभर वाईट वाटत होतं! त्याने तोंडात बोळा कोंबावा तसा हातपुसणीचा कपडा तोंडावर दाबला, कारण हुंदका आला असता तर खालच्यांनी तो कर्णा समजायला कमी केलं नसतं.

खाली मोठ्या बाई बोलल्या, आणि त्यांच्या आवाजातली छडी गायब होती. "मी शेजारणीकडे किल्ली देऊन ठेवली आहे," त्या म्हणाल्या. "तिचा विश्वास नाही. मुद्दाम तशीच शोधली. माझ्या मांजराला बघायला."

"हे तुम्ही व्याख्यानात नाही सांगितलं," काका म्हणाले.

"गप्प बसा," बाई म्हणाल्या, पण प्रेमाने.

मेकॅनिक आला तसा आवाज न करता वर चढला, गच्चीवर गेला, एका हाताने ब्रेक सोडून दुसऱ्या हाताने मोठं चाक फिरवू लागला. लिफ्ट बोटबोटभर वर सरकत होती. हे काम त्याने शेकडो वेळा केलं असेल, पण आपली बायको अशी स्वतःच्या हातांनी वर घ्यायची त्याच्यावर पहिलीच पाळी. त्याने ती चौथ्या मजल्याला अशी अलगद लावली की आतल्यांना थांबल्याचंही कळलं नाही. मग खाली येऊन बाहेरचं दार उघडलं आणि वाकडा झालेला आतला दरवाजा पहारीने बाजूला सारला.

बाई सर्वांत आधी बाहेर पडल्या, ताठ मानेने. "आम्ही प्रार्थना करत होतो," त्यांनी पाळकांना सांगितलं. मागून काका आले, मग मधले, हातात दरवाज्याची तुटलेली मूठ घेऊन, माफी मागत मागत. बायको शेवटी आली. तिने नवऱ्याच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं, काळ्याकुट्ट झालेल्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि जिना उतरू लागली. त्या गुरुवारी अभ्यास झाला नाही. उरलेले एका बाकावर बसून पाणी प्यायले आणि आपापल्या घरी गेले, असं पाळकांनी नंतर सांगितलं.

दोघं घरी पोचले. दार लावल्यावर ती गर्रकन वळली.

"टपावर बसून ऐकत होतात ना?"

"हो," मेकॅनिक म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"लाज नाही वाटत? प्रार्थना होती ती! वरच्यासाठी होती!"

"मी वरच होतो."

तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू आलं, आणि ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मेकॅनिक समोर उभा राहिला. हात काळे, म्हणून तिला धरताही येईना. "मला वाटायचं," तो म्हणाला, "तुला काही वाटतच नाही. आनंदाने निघालीस असं वाटायचं. मी रोज मरत होतो."

"मग विचारायचं नाही का?"

"तू खरं सांगितलं असतंस म्हणून भीती वाटली."

"शहाणेच आहात," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मग थोड्या वेळाने तिचा चेहरा पुन्हा उतरला. "पण आता झालं सगळं. इतके दिवस मी काहीतरी निमित्त सांगत होते, हे येत नाही, ते येत नाही. आज सगळ्यांसमोर तोंडाने बोलून गेले की यांना सगळं येतं. त्यानेही ऐकलं. आता कुठल्या तोंडाने त्याला थांब म्हणू? माझ्याकडे सांगायला काही उरलंच नाही हो."

मेकॅनिक उभ्या उभ्या विचारात पडला. सूप येत होतं. इस्त्री येत होती. किटली, मोरी, मेहुणीचा गुडघा, सगळं येत होतं. नाडीसुद्धा, खरं सांगायचं तर, फोन वाजला तेव्हा निम्मी आत गेली होती. त्याने स्वयंपाकघरभर नजर फिरवली आणि त्याचे कान हळूहळू तांबडे होऊ लागले.

"चहा," तो म्हणाला.

"काय?"

"चहा येत नाही मला."

बायको बघतच राहिली. लग्न झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या घरात सकाळचा चहा तोच करत आला होता. ती आजारी असो, तो आजारी असो, तिच्या उशाशी कप ठेवल्याशिवाय तो कामाला गेला नव्हता.

"अहो, रोज सकाळी कोण करतं मग?"

"तो आपला होतो कसातरी. येत नाही."

"खोटं बोलताय तुम्ही," ती पुटपुटली. एवढ्या वर्षांत तिने हे वाक्य या माणसाला पहिल्यांदाच म्हटलं होतं. "तो ऐकतोय हं."

"ऐकू दे," मेकॅनिक म्हणाला. मान खाली, कान लालबुंद, आणि घाम असा फुटलेला की काय विचारू नका. पण मागे हटला नाही. "मला चहाचं काहीसुद्धा येत नाही. पहिल्यापासून शिकवावं लागेल."

तिने पदर खोचला. मग उठली, पातेलं काढलं, त्याच्या काळ्या हातात दिलं, त्याच्या कोपराला धरून त्याला चार पावलं चालवत नेलं आणि म्हणाली, "बरं. नीट लक्ष द्या. याला नळ म्हणतात."